घर बघायचं ते भर दुपारी!

मैत्रिणींनो, घर बघायला आपण जातो ते रविवारी संध्याकाळी. गार वारा सुटलेला असतो, आणि आपण भुलतो. आम्हीही भुललो होतो! राहायला गेल्यावर कळलं, पश्चिमेचं स्वयंपाकघर मे महिन्यात भट्टीसारखं तापतं आणि पाणी टँकरचं. तेव्हा एकदा भर दुपारी जा, एकदा पावसात. आणि पाण्याचं विचारायचं ते तिथं राहणाऱ्या बायकांना, बिल्डरला नव्हे.

क्षेत्रफळ सांगतील तेव्हा ‘कार्पेट किती?’ एवढंच विचारा. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे त्यात घरातल्या आतल्या भिंती येतात, बाल्कनी नाही. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा.

आणि करारनाम्यावर नाव कुणाचं? ‘ह्यांचं काय नि माझं काय’ म्हणत पहिल्या वेळी मी बाजूलाच राहिले. पण महाराष्ट्रात २०२१पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घराला ५० हजार वाचले की हो! दुसरं घर घेताना हा हिशेब मी ह्यांच्यापुढे मांडला. हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुझं पॅन कार्ड कुठं ठेवलंयस?”