तबकडी वाचली जात नाही तेव्हा

संगणकाच्या पडद्यावर ‘एरर’ हा शब्द उमटला की आपल्यापैकी बहुतेकांचा धीर सुटतो. ‘बिघडले’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. परंतु शब्दांचा अर्थ लावणे हे तर आपल्याच शाखेचे काम, आणि यंत्राची तक्रारही शेवटी शब्दांतच लिहिलेली असते. लिनक्स प्रणालीत सी.डी. वाचताना जी तक्रार येते, तिचा अर्थ कसा लावावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. तिच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. यंत्राचे सर्व भाग या गाभ्याच्या ताब्यात असतात; पण प्रत्येक भागाची बोली वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे ‘ड्रायव्हर’. सी.डी. ड्राइव्हला लिनक्समध्ये सहसा ‘एस-आर-झिरो’ हे नाव मिळते. जुन्या पुस्तकांत ‘एच-डी-सी’ असे नाव आढळते. परंतु ते ज्या जुन्या ड्रायव्हरांचे होते, ते २०२१ साली ५.१४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले.

आता कचेरीतला अर्ज डोळ्यांपुढे आणा. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि नामंजूर झाला तर शेरा घेऊन परत येतो. शहाणा माणूस तो कागद फाडत नाही. शेरा कोणी मारला आणि काय मारला, हे पाहतो. संगणकातही असेच आहे. ‘ही फाईल वाच’ ही आपली मागणी गाभ्याकडे जाते, तेथून ड्रायव्हरकडे, पुढे केबलमधून ड्राइव्हकडे, आणि अखेरीस लेसर किरण तबकडीवर पडतो. अडथळा यांपैकी कोठेही येवो, आपल्या पडद्यावर मात्र ‘इनपुट-आउटपुट एरर’ एवढेच मोघम उत्तर येते. खरा शेरा गाभ्याच्या नोंदवहीत असतो. ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली की ती वही उघडते.

या वहीत ड्राइव्हने दिलेले चार शेरे ओळखता आले तरी पुष्कळ काम होते. ‘नॉट रेडी’ म्हणजे तबकडी आत नाही किंवा अजून नीट बसलेली नाही. ‘मिडियम एरर’ म्हणजे तबकडीचाच तो भाग वाचता येत नाही. ओरखडा, धूळ किंवा जुनेपणा. ‘हार्डवेअर एरर’ म्हणजे ड्राइव्हच्या यंत्रातच दोष. आणि ‘इल्लीगल रिक्वेस्ट’ म्हणजे मागणीच गैर. तबकडीचा किंवा यंत्राचा दोष असेलच असे नाही, विचारणाऱ्याची रीत चुकली. याखेरीज ‘लिंक’ पुन्हा पुन्हा जोडल्याची नोंद दिसली, तर केबल आणि वीजजोडणी आधी तपासावी.

या चौथ्या शेऱ्याचे महत्त्व मला घरच्या गोष्टीवरून कळले. हट्ट्याला आमच्या लोखंडी पेटीत आई-वडिलांच्या लग्नाची, २००४ सालची सी.डी. आहे. माझे आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचे चालणे-बोलणे त्या तबकडीशिवाय कोठेही नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी ती लिनक्स संगणकावर उतरवून घेण्याचा प्रयत्न केला, एरर आली, आणि ‘सी.डी. गेली’ असा निकाल त्यांनी दिला. आईने ती तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पुढे मी नोंदवही उघडून पाहिली, तर ‘मिडियम एरर’ कोठेच नव्हती. ‘इल्लीगल रिक्वेस्ट’ होती आणि तिच्यापुढे, या ट्रॅकसाठी ही पद्धत चालत नाही, अशा अर्थाची ओळ होती.

याचे कारण असे. साध्या सी.डी.वर प्रत्येक कप्प्यात २३५२ बाइट असतात. त्यांपैकी २०४८ आपल्या मजकुराचे आणि उरलेले बहुतेक चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले. लग्नाच्या सी.डी. मात्र बहुधा ‘व्हिडिओ सी.डी.’ असत. या पद्धतीत जास्त चित्र मावावे म्हणून ती जादा दुरुस्तीची सोय सोडून दिलेली असते, आणि कप्प्यात २३२४ बाइट चित्राचेच असतात. साधी ‘कॉपी’ २०४८च्या मापाने मागणी करते, म्हणून ड्राइव्ह नकार देतो. मापच जुळत नाही, त्यात तबकडीचा काय दोष? व्हीएलसीसारखा कार्यक्रम कप्पे योग्य रीतीने मागतो. त्यातून तीच तबकडी सुरू झाली. शेवटी एका ठिकाणी ओरखडा आहे, तेथे चित्राचे चौकोन फुटतात. पण आजोबा अक्षता वाटताना दिसले. आई काही बोलली नाही, पदराने पडदा पुसून जवळ सरकली.

तपासाचा क्रम थोडक्यात सांगतो. प्रथम नोंदवहीत ड्राइव्हचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर केबल आणि वीज तपासावी. नाव असेल तर चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी तबकडी घालून पाहावी. ती चालली तर ड्राइव्ह निर्दोष. मग शेरा वाचावा. ‘मिडियम एरर’ असेल तर तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. आणि दुसऱ्या ड्राइव्हवरही प्रयत्न करावा, कारण एकाला न दिसणारे दुसऱ्याला कधी कधी दिसते. साध्या सी.डी.साठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा कार्यक्रम आहे. तो आधी चांगला भाग उतरवून घेतो आणि अवघड भागाकडे मागाहून वळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

आज नव्या संगणकांत सी.डी. ड्राइव्ह क्वचितच येतो. गावोगावच्या पेट्यांतून मात्र लग्ने, बारशी, भजने अजून तबकड्यांवरच पडून आहेत, आणि त्या दरवर्षी जुन्या होत चालल्या आहेत. मित्रहो, सुटीत घरी जाल तेव्हा त्या शोधा, उतरवून घ्या. आणि कोणी ‘गेली’ म्हणाले, तर शेरा कोणाचा आहे, तेवढे आधी विचारा.