गावाचे सांडपाणी आणि काविळीची साथ

काविळीचे रुग्ण वाढू लागले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, काविळीवर औषध कोणते?" पाण्यातून होणाऱ्या काविळीवर रामबाण औषध नाही. विश्रांती, हलका आहार, दारू पूर्ण बंद आणि काविळीच्या माळेच्या नादात वेळ न दवडणे, एवढेच मी सांगू शकतो. मात्र साथ येऊ नये म्हणून करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याची सुरुवात सांडपाण्यापासून होते.

साथीच्या काविळीस बहुधा 'हिपॅटायटिस ई' हा विषाणू कारणीभूत असतो. रुग्णाच्या शौचावाटे तो बाहेर पडतो आणि दूषित पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. लक्षणे दिसेपर्यंत 2 ते 8 आठवडे जातात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जिवावर बेततो. 2012 साली इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली आणि काही रुग्ण दगावले.

"पाण्यात क्लोरीन असतेच की!" असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी दिल्लीचे उदाहरण देतो. 1955 साली यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत आले. क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे विषमज्वर वाढला नाही, पण सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू तरले! म्हणून मैला नदीत जाण्याआधीच अडवला पाहिजे.

हे काम सांडपाणी प्रक्रिया केंद्र करते. कोल्हापूरच्या कसबा बावडा उपनगरात असे केंद्र आहे. त्याची क्षमता दररोज 76 दशलक्ष लिटर आहे. पूर्वी थेट पंचगंगेला मिळणारे जयंती नाल्याचे पाणी उपसून तेथे नेले जाते.

अशा केंद्रात प्रथम जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक अडते. मग वाळू खाली बसते. पुढे मोठ्या टाक्यांत हवा सोडतात. प्राणवायू मिळाला, की उपयुक्त जिवाणू वाढतात आणि पाण्यातील घाण खाऊन टाकतात. ही पद्धत 1914 पासून जगाला ठाऊक आहे. नंतर गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडतात. हीच घाण नदीत गेली असती, तर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला असता आणि मासे तडफडून मेले असते.

हे पाणी पिण्यासाठी नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यात काही विषाणू उरू शकतात. शिवाय वीज गेली, पंप बिघडला किंवा एखादा नाला जोडायचा राहिला, तर तेवढा मैला नदीतच जातो. आपण सोडलेले पाणी खालच्या गावाच्या नळाला येते आणि वरच्या गावाचे आपल्या नळाला.

वाचकहो, आपल्या हातात काय आहे?

1. वापरलेले तेल, चिंध्या, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक गटारात टाकू नका. नळ्या तुंबतात आणि मैला वर येतो.
2. शौचालयाचे पाणी उघड्या गटारात सोडू नका. सेप्टिक टाकी वेळच्या वेळी उपसून घ्या.
3. नळाची जोडणी गटारातून गेली असेल तर ती बदलून घ्या.
4. साथीच्या दिवसांत पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.
5. घरातील गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि नगरसेवक मत मागायला आले, की रस्ते व दिव्यांबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा, "आपल्या गावाचे किती नाले अजून थेट नदीत जातात?" काविळीवरचे खरे औषध या प्रश्नाच्या उत्तरात आहे.