पाबळची कार्यशाळा

सारख्या लांबीच्या चार लोखंडी पट्ट्या टोकांना नट-बोल्टने जोडल्या की चौकोन होतो आणि कोपऱ्याला धरून जरा ढकलला की तो लगेच कलंडतो. एक पट्टी काढून उरलेल्या तिन्हींचा त्रिकोण करा. तो कितीही रेटला तरी आकार सोडत नाही. तीन बाजूंची मापं ठरली की त्रिकोण ठरला, हे आपल्याकडची मुलं ‘बाबाबा कसोटी’ म्हणून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पाबळच्या विज्ञान आश्रमात मात्र याच कसोटीवर राहती घरं उभी आहेत. लोखंडी अँगलच्या त्रिकोणांचा घुमट, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा गिलावा. या डोमचं काम आश्रमातली मुलं करत आली आहेत.

शिरूर तालुक्यातलं पाबळ पुण्यापासून ६०-७० किलोमीटरवर आहे. भाग पाण्याला पारखा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. तिथली नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी या गावात आश्रम सुरू केला. हाताने काम करताना माणूस जितकं शिकतो तितकं बाकावर बसून शिकत नाही, आणि ही रीत शाळेच्या चौकटीत बसवता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक कामातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. कलबागांनी तिला वेल्डिंग मशीन आणि मोजमापाची उपकरणं जोडून दिली.

त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. शाळांमध्ये तो आयबीटी या नावाने ओळखला जातो आणि राज्य मंडळाने दहावीला त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार विभाग, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाने चारही विभागांत काम करायचं. वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून नववीतली मुलगी अँगलला टाका मारते, तेव्हा कोणतं काम कोणाचं याबद्दल गावाने धरलेल्या कल्पनाही थोड्या हलतात. मला या अभ्यासक्रमातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कार्यशाळेतलं खरं शिक्षण सुरू होतं ते मापापासून. डोमच्या पट्ट्या ठरावीक लांब्यांच्या असतात. भोक पाडताना प्रत्येक पट्टीत दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर पहिल्या रांगेत काही कळत नाही. वरच्या रांगांपर्यंत ती चूक साचत जाते आणि शेवटचा सांधा जुळतच नाही. मग सांधे सोडवा, चुकलेली पट्टी शोधा. यावरचा उपाय म्हणजे जिग, म्हणजे पट्टी ठेवली की भोक दरवेळी त्याच जागी पडेल असा साचा. शंभर वस्तू एकसारख्या का आणि कशा करायच्या, हा कारखानदारीतला पहिला धडा आहे. चाकण आणि रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांमधली जुळणी याच धड्यावर चालते, आणि त्या दोन्ही औद्योगिक वसाहती पाबळपासून दूर नाहीत.

दुसरा धडा हिशेबाचा. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा साधारण ७.८५ किलो भरतो. हे ठाऊक असलं की गोठ्याच्या फाटकाला किती माल लागेल हे वजनात काढता येतं. त्यात वेल्डिंग रॉड, वीज, मजुरी, हत्यारांचा घसारा मिळवला की किंमत निघते. आश्रमाच्या पद्धतीत हा हिशेब वहीपुरता राहत नाही. शाळेने गावाला लागणारी कामं करून द्यायची, त्याचे पैसे घ्यायचे, असा आग्रह आहे. प्रदर्शनात मांडलेलं मॉडेल दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातं. फाटकाला मात्र रोज म्हैस अंग घासते आणि बिजागरी निसटली तर मालक शाळेत येतो. मुलांना कारखान्याची ओळख करून द्यायची असेल, तर ती या जबाबदारीतून व्हायला हवी. सहलीच्या बसने जाऊन, पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहून यंत्रं पाहिल्याने कुतूहल जागं होतं, पण आपल्याला हे काम जमेल की नाही हे कळत नाही.

२००२ साली इथे फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेल्या या कल्पनेच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी ती एक. संगणकावर काढलेल्या आराखड्याबरहुकूम यंत्र कापून देतं, म्हणजे पुढे संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्याला जे लागतं त्याची तोंडओळख इथेच होते. पण कानस कशी चालते हे हाताला ठाऊक असलेल्याला यंत्राची चूक लवकर दिसते, म्हणून जुनी हत्यारं आधी हातात यावीत असं मला वाटतं.

आपल्याकडे अजूनही ‘अभ्यासात मागे आहे, आयटीआयला टाकू’ हे वाक्य सहज बोललं जातं. ते मुलावर अन्याय करतं आणि कामावरही. व्हर्निअरवर माप घेणं, आराखडा वाचणं, डाय बसवणं यांना चांगली बुद्धी लागते. दहावीनंतर आयटीआय, तिथून थेट पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, पुढे अभियांत्रिकीलाही जाता येतं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर १९६१ पासून आहे. वाटा आहेत, त्या दिसायला आठवी-नववीत हातात काम पडायला हवं. त्यासाठी शाळेला फार मोठी इमारत लागत नाही. लागतो तो कच्च्या मालाला नियमित पैसा आणि गावातलाच एखादा कसबी वेल्डर, सुतार किंवा वायरमन, ज्याला शिक्षकांच्या खोलीत मानाची खुर्ची मिळेल.