३० मिलिसेकंदांचा झोका: ताजमहाल हॉटेलपासून ‘अलबेला’पर्यंत

नवी मुंबईत राहत असाल तर हा ठेका तुमच्या चांगल्याच ओळखीचा असणार. दिवाळे, सारसोळे, करावे, कुठल्याही गावात हळद असू द्या, रात्री ब्रास बँड कोळीगीत धरतो आणि आपले पाय आपल्याला न विचारता हलायला लागतात. आता पुढच्या वेळी ऐकताना एवढंच करा: ठोके मोजू नका, ठोक्यांमधलं अंतर ऐका. लांब-आखूड, लांब-आखूड असं काहीसं ऐकू येईल. सहा मात्रांचा ठेका, त्यात तीन-तीनचे दोन गट, आणि गटात दोन मात्रांचा लांब स्वर व एक मात्रेचा आखूड स्वर. म्हणजे २:१.

अमेरिकेत १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत ज्या संगीतावर अख्खा देश नाचत होता, त्या ‘स्विंग’चं पाठ्यपुस्तकातलं वर्णन अगदी हेच आहे. कागदावर दोन सारखे स्वर लिहिलेले असतात, वाजवताना पहिला लांबवायचा, दुसरा आखूड करायचा. स्विंग म्हणजे झोका, शब्द बरोबरच आहे. पण मग हळदीचा बँड आणि ड्यूक एलिंग्टनचा बँड एकसारखे का वाटत नाहीत? गुणोत्तर तर तेच आहे!

याचं पहिलं उत्तर स्टॉकहोमच्या अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेयास सुंडस्ट्रॉम यांनी २००२ साली दिलं. त्यांनी जॅझ ड्रमरांच्या झांजेवरचे ठोके मोजले. २:१ हे काही पक्कं गुणोत्तर निघालं नाही. लय संथ असली की ते ३.५:१ पर्यंत जातं आणि फार द्रुत झाली की १:१ वर येतं, म्हणजे स्वर जवळजवळ सारखे होतात. गंमत अशी, की मध्यम ते द्रुत लयीत आखूड स्वराची लांबी साधारण १०० मिलिसेकंदांवरच टिकून राहते. मिनिटाला २०० ठोके असतील तर एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, त्यात लांब स्वर २०० आणि आखूड १००. पाठ्यपुस्तकातलं २:१ फक्त या लयीच्या आसपास खरं ठरतं.

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. जर्मनीत ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत थिओ गायझेल यांचा गट आहे, मूळचे भौतिकीवाले. वादकांच्या वेळेत होणाऱ्या बारीकसारीक चुकांमुळे स्विंग येतो का, हे त्यांनी आधी तपासलं. नाही येत. चुका पुसून टाकल्या तरी ऐकणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. मग २०२२ साली त्यांनी एक नेमका बदल केला. एकल वादकाचा ठोक्यावरचा स्वर साथीच्या मागे ३० मिलिसेकंद सरकवला, आणि दोन ठोक्यांमधला आखूड स्वर मात्र साथीबरोबर अचूक ठेवला. ही रचना जॅझ वादकांना ऐकवली, तेव्हा ती जास्त ‘झुलणारी’ ठरवली जाण्याची शक्यता जवळजवळ साडेसात पट निघाली. आणि नक्की काय बदललंय, ते या मुरलेल्या कानांनाही सांगता येत नव्हतं! पुढे वायमारच्या संगीत विद्यापीठाच्या संग्रहातले ४५६ एकल तुकडे तपासले, तर बहुतेकांत हीच सवय सापडली.

३० मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे १० मीटर जातो. म्हणून नाचाच्या बँडचे पंधरा-सोळा वादक एकमेकांना खेटून तीन रांगांत बसतात. पुढे सॅक्सोफोन, मागे ट्रॉम्बोन, त्यामागे ट्रम्पेट, आणि पियानो-बास-ड्रम एका बाजूला जवळजवळ. रांगा लांबवल्या तर आवाज पोहोचायला लागणारा वेळच या झोक्याएवढा होईल आणि सगळा खेळ विस्कटेल. (आमच्या भल्यामोठ्या सभागृहातल्या स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद दरवर्षी का फसतो, याचं निदान एकदाचं मिळालं.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही सरक कागदावर लिहिता येत नाही. नोटेशन बोटीतून पाठवता येतं, हे ३० मिलिसेकंद पाठवता येत नाहीत. अमेरिकेतसुद्धा तसंच झालं. बिग बँडची घडी बसवणारा फ्लेचर हेंडरसन हा रसायनशास्त्राचा पदवीधर. त्याच्या न्यूयॉर्कच्या बँडमधले सगळे नोटेशन वाचणारे, तयारीचे वादक होते. १९२४ साली लुई आर्मस्ट्राँग त्यात आला, वर्षभर राहिला, आणि बँडची चाल बदलून गेला. कागद तसेच होते. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं ऐकून बाकीचे झुलायला शिकले.

हीच साखळी मुंबईपर्यंत येते. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबे आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. हा वेदरफर्ड १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगच्या सोबत वाजवत होता, त्याची ध्वनिमुद्रिकाही आहे. मुंबईत वेदरफर्डच्या साथीला गोव्याचे वादक होते, ट्रम्पेट वाजवणारे फ्रँक फर्नांड त्यांतलेच. म्हणजे आर्मस्ट्राँग आणि फर्नांड यांच्यामध्ये माणूस फक्त एक. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला.

गोव्याच्या वादकांचीच यासाठी गरज का पडली? कारण चर्चच्या शाळांमधून ते लहानपणीच व्हायोलिन आणि नोटेशन शिकून आलेले असत. कागद वाचता येणारे कान मुंबईत तयारच होते, फक्त झोका शिकायचा होता. १९३९ नंतर जवळजवळ दोन दशकं ताजचा बँड मिकी कोरियांनी चालवला. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजले, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलातल्या रात्री ओसरल्या. पोट तर भरायचंच होतं. वादक दादर-ताडदेवच्या स्टुडिओंकडे वळले.

तिथे त्यांची गाठ पडली पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांशी. १९५१चा ‘अलबेला’ आठवा. पडद्यावर भगवानदादा पालव, संगीत अण्णांचं, आणि सोबतीला चिक चॉकलेट. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड झालरींचे कपडे घालून पडद्यावर दिसतो. मराठी माणसाने बांधलेली चाल, मराठी माणसाचा नाच आणि आल्दोना-शिकागो असा प्रवास केलेला झोका, सगळं एका गाण्यात.

मग ग्योटिंगेनवाल्यांसारखं आपणही मोजायला बसलो तर? अडचण दोन ठिकाणी येते. तेव्हा सगळा ताफा एकत्र वाजायचा आणि आवाज एकाच ट्रॅकवर उतरायचा, त्यामुळे ट्रम्पेट कुठे सुरू झाला आणि झांज कुठे, हे वेगळं काढणं कठीण. पण ती तांत्रिक अडचण आहे, आज ना उद्या सॉफ्टवेअर ती सोडवेल. दुसरी अडचण सॉफ्टवेअरच्या हातातली नाही. वायमारच्या त्या संग्रहात प्रत्येक तुकड्यापुढे वादकाचं नाव आहे. म्हणून ‘या वादकाची सरक एवढी, त्याची तेवढी’ असं म्हणता येतं. आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार येतो, फार तर सहायक येतात. दुसऱ्या ट्रम्पेटवर कोण होतं, सॅक्सोफोन कोणी धरला, हे तिथे सापडत नाही. ग्रेगरी बूथ यांनी म्हाताऱ्या झालेल्या स्टुडिओ-वादकांना भेटून २००८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, नरेश फर्नांडिसांनी २०१२ साली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईचा जॅझ नोंदवला. आपल्याकडे जी नावं आहेत, त्यांतली बरीच अशा घरोघरी जाऊन केलेल्या कामातून आली आहेत. मला हे काम कुठल्याही प्रयोगशाळेतल्या मोजमापाइतकंच विज्ञानाचं वाटतं, कारण आकड्याला मालक नसेल तर तुलना कशाशी करणार?

तोवर एक घरगुती प्रयोग करून बघा. ‘दीवाना परवाना’ दोनदा लावा. पहिल्या वेळी ड्रमबरोबर मांडीवर ठेका धरा. दुसऱ्या वेळी ठेका चालू ठेवून फक्त ट्रम्पेट ऐका, आणि त्याचा स्वर तुमच्या हाताबरोबर पडतो की किंचित मागून येतो, ते बघा. हेडफोन लावाल तर बरं. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही.