दगडांचे अरण्य

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला, तर तेथे फिकट डाग पडतो व तो पुसून जात नाही. सोलापूरच्या जुन्या घरांत हे तुम्ही पाहिले असेल. असे का होते? एक सोपा प्रयोग करून पाहा. फरशीच्या टाकाऊ तुकड्याची थोडी पूड घेऊन तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. भरीव काळ्या दगडाच्या पुडीतून मात्र ते येणार नाहीत.

सोलापूरचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. शहाबादी फरशी हा चुनखडक होय. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. त्या गावावरूनच फरशीला हे नाव पडले. चुनखडकात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. आम्लामुळे त्यातून कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तेच हे बुडबुडे.

पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. हवेतील व मातीतील कार्बन डायॉक्साइड त्यात मिसळून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते. ते चुनखडकाच्या भेगांत शिरून दगड कणाकणाने विरघळविते. लाखो वर्षांत भेगांच्या घळी होतात आणि मधला दगड सुळक्यांच्या रूपाने उरतो. अशा भूरूपाला ‘कार्स्ट’ म्हणतात.

त्याचा उत्तम नमुना पाहावयाचा तर चीनच्या युनान पठारावर, कुनमिंग शहराजवळच्या शिलिनला जावे लागेल. ‘शि’ म्हणजे दगड, ‘लिन’ म्हणजे अरण्य. तेथील चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचला. पुढे त्याच्यावरही बेसाल्टचे थर पसरले. ते झिजल्यावर दगड पुन्हा उघडा पडला. २००७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचे स्थान दिले. येथे यी समाजातील सानी लोकांची गावे आहेत. एका सुळक्यात त्यांना लोककथेतील अशिमा ही मुलगी दिसते.

पण ज्या पाण्याने हे सौंदर्य घडविले, तेच पाणी कार्स्ट प्रदेशातील माणसांना हुलकावणी देते. पाऊस पडतो, पण पाणी भेगांतून थेट जमिनीखाली जाते. वर शेते कोरडी, खाली भुयारी ओढे! शिवाय वाळूतून गाळले जावे तसे हे पाणी गाळले जात नाही. म्हणून तेथे खड्ड्यात टाकलेली घाण दूरच्या गावाच्या झऱ्यात निघू शकते. पायाखालचा दगड कोणता, हे जाणल्याशिवाय पाण्याची राखण करता येत नाही, ती तेथे आणि आपल्याकडेही.