स्वतःचे नाव विसरलेले यंत्र

सरांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. सर म्हणजे आम्हाला इमारतींचे गणित शिकवणारे प्राध्यापक. आज वय वर्षे 81. "अरे, तो सनचा डबा सापडलाय. मामांनी जिन्याखाली ठेवला होता. तू बघतोस का जरा?" एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. 'जरा बघण्या'ला पुढे अकरा दिवस लागले.

महाविद्यालयातले मामा म्हणजे कोण, हे पुण्यात शिकलेल्या वाचकाला सांगायला नको. प्रयोगशाळेच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते मामा. भंगाराचा लिलाव झाला तेव्हा बाकीची यंत्रे टेम्पोत गेली आणि हे एक मामांनी पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवले. "सरांचं काम होतं त्यात," एवढेच त्यांचे कारण.

ते काम काय होते, ते आधी सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. जवळपास 10 हजार माणसे गेली, त्यातली बहुतेक झोपेतच, स्वतःच्या घराच्या भिंतींखाली. दगड आणि मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरे जमीन हलल्यावर क्षणात दगडांचे ढीग झाली. सर काही विद्यार्थ्यांना घेऊन त्या भागात गेले. पडलेल्या घरांकडे सगळेच पाहत होते. सरांनी न पडलेली घरे मोजली. भिंतीची जाडी, माळवदावरची माती, दाराची दिशा, तडा कुठून सुरू झाला आणि कुठे थांबला. हे सगळे परत आल्यावर सनच्या यंत्रात भरले गेले. मूळ वह्या सरांच्या घरी, तळमजल्यावर होत्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि वह्यांचा लगदा झाला. टेपवर काढून ठेवलेली प्रत होती, पण टेपच्या डबीतला रबरी पट्टाच विरघळून चिकट झाला होता. आता एका संशोधक विद्यार्थिनीला नेमकी तीच मोजमापे हवी होती, आणि ती जगात एकाच ठिकाणी उरली होती : जिन्याखालच्या डब्यात.

'सन' हे नाव आज तरुणांना ठाऊक नसेल. 1982 मध्ये अमेरिकेत चौघांनी ही कंपनी काढली. त्यातले एक विनोद खोसला, जन्माने पुण्याचे. 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क' या शब्दांची आद्याक्षरे म्हणजे सन. 2010 मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. आमचा डबा होता स्पार्कस्टेशन आयपीएक्स, 1991 सालचे मॉडेल. जेवणाच्या डब्याएवढा म्हणून जगभर त्याला 'लंचबॉक्स' म्हणत. प्रोसेसरचा वेग 40 मेगाहर्ट्झ. पण त्या काळी आमच्याकडे त्याचा थाट असा की, त्याच्या खोलीत वातानुकूलन, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळात विसरलो असतो, तिथे कधी विसरलो नाही.

वाचक म्हणतील, डिस्क काढून नव्या संगणकाला जोडायची. पण ती स्कझी जातीची, 50 पिनांची. आजच्या संगणकाला तिचे तोंडच ओळखीचे नाही. तरीही तसे कार्ड मिळवता आले असते. आम्ही आधी सरळ रस्ता धरला, डबा चालू केला. पडदा नव्हता आणि कळफलकही नव्हता. कळफलक नसेल तर हे यंत्र आपले बोलणे मागच्या गोल, आठ पिनांच्या सिरियल जोडणीकडे वळवते. तिथे वायर लावून लॅपटॉपवर वाचायला बसलो. डिस्क घरघरली आणि मामा खूश झाले : "हा आधी घोंघावतो, मग बोलतो." बोलला. जुनी सनओएस प्रणाली अर्ध्यावर आली आणि डिस्कवरचा एक भाग वाचता येत नाही म्हणून कोसळली. पुन्हा सुरू करणे धोक्याचे होते. प्रणाली सुरू होताना डिस्कची दुरुस्ती करू बघते, म्हणजे डिस्कवर लिहिते. आणि आजारी डिस्कवर लिहू देणे म्हणजे उरलेसुरलेही घालवणे.

तेव्हा ठरले, डिस्कला हात न लावता यंत्र उठवायचे. याची सोय सनने मुळातच करून ठेवलेली होती. 1980 च्या दशकात डिस्क इतक्या महाग होत्या की, अनेक यंत्रांना डिस्क नसेच. एका खोलीत एकच डिस्कवाला सर्व्हर; बाकीची यंत्रे सकाळी उठली की वायरीवरून त्याच्याकडे आपली प्रणाली मागून घेत. आपल्या डब्याला तीच भीक मागायला लावायची आणि घालायची नेटबीएसडी. 1993 पासून स्वयंसेवकांनी जपलेली, फुकट मिळणारी ही युनिक्स-कुळातली प्रणाली. लिनक्सने 2012 मध्ये या जातीच्या सन यंत्रांना निरोप दिला, पण नेटबीएसडीवाल्यांनी दिला नाही. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, पगाराविना, आमच्या जिन्याखालच्या डब्याची काळजी वाहत होते हे मला फार मोठे वाटते. असो.

पहिला अडथळा लगेच आला. यंत्राने इंग्रजीत सांगितले की, माझ्या ओळखपत्रातला मजकूर ग्राह्य नाही. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला सहा जोड्यांचा एक क्रमांक असतो. सनच्या यंत्रांचा 08:00:20 ने सुरू होतो. आमच्या यंत्राने आपला क्रमांक सांगितला तो सगळा 'एफ एफ एफ एफ'. म्हणजे कुणीच नाही, किंवा सगळेच. हा क्रमांक एका छोट्या चिपमध्ये असतो आणि चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी बंद केलेली असते. अशा चिपचे आयुष्य साधारण दहा वर्षे धरतात. आमचीने त्याच्या कितीतरी पलीकडे तग धरला असणार, आणि मग केव्हातरी पोत्याच्या अंधारात यंत्र स्वतःचे नाव विसरून गेले.

मूळ क्रमांक कुठे लिहिलेला सापडला नाही. पण यंत्राच्या 'ओके' या खुणेपुढे एकेक संख्या टंकून नवे ओळखपत्र तयार करता येते. 15 संख्या भरायच्या आणि सोळावी त्यांच्यावरून काढलेली पडताळ्याची. षोडशमान पद्धतीत सी, एफ, ई ही अक्षरेही अंकच असल्याने जगभरच्या हौशी लोकांनी अशा विसरभोळ्या यंत्रांसाठी एक नाव ठरवून टाकले आहे : सी-0-एफ-एफ-ई-ई. कॉफी! पडताळा मी हाताने काढला, पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा जमला. अर्थात वीज गेली की यंत्र पुन्हा सारे विसरणार. आणि आमच्या पेठेत वीज जाते. कायमचा इलाज म्हणजे चिपचे डोके कानशीने घासून आतल्या तारा उघड्या करायच्या आणि त्यांना घड्याळातल्यासारखा सेल डकवायचा. माझा हात तेवढा स्थिर नाही. म्हणून यूपीएस आणला.

आता यंत्राला सांगितले, नेटवर्कवरून ऊठ. त्याने काय करायचे असते? वायरीवर हाळी द्यायची : "माझा क्रमांक हा, माझा पत्ता काय?" या हाळीला आरएआरपी म्हणतात, तिचे नियम जून 1984 मध्ये लिहिले गेले. सर्व्हरने उत्तर द्यायचे. मग यंत्र त्या पत्त्याच्या नावाची फाइल मागते, ती फाइल उरलेली प्रणाली आणते. आमच्याकडे उत्तरच येईना. पडद्यावर एकच ओळ, पुन्हापुन्हा : वाट पाहून थकलो.

दोष वायरीचा असेल म्हणून तिकडे वळलो. नेटवर्कचा नवा स्विच या यंत्राच्या 10 मेगाबिटच्या संथ बोलीला दादच देत नव्हता, दिवा लागत नव्हता. एका मित्राच्या माळ्यावरून जुना हब आणला. दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण उत्तर नाहीच.

यापुढचे तीन दिवस मी ज्या चुकीमागे घालवले, ती सविस्तर सांगतो, कारण ती माझी होती. वायरीवरची ये-जा टिपणारा एक प्रोग्रॅम असतो; तो लावला तेव्हा दिसले की यंत्राची हाळी सर्व्हरपर्यंत स्वच्छ पोहोचते आहे. सर्व्हरच्या यादीत क्रमांक आहे. त्याच्यापुढे पत्ता आहे, 192.168.1.40. तरी सर्व्हर मूग गिळून गप्प. मी यादी पुन्हा टंकली, भिंत पाडली (संगणकाची, सुरक्षेची), सर्व्हर नव्याने बसवला. शेवटी कंटाळून त्या हाळी-उत्तर प्रोग्रॅमचे माहितीपत्रक वाचले, जे पहिल्या दिवशी वाचायला हवे होते. त्यात लिहिलेले : ज्या यंत्रासाठी उठण्याची फाइल ठेवलेली नाही, त्याला हा प्रोग्रॅम उत्तरच देत नाही. विचार बरोबर आहे. ज्याला वाढायला ताटात काही नाही त्याला जेवायला बोलवू नये. पण मी फाइल ठेवली होती! तिचे नाव म्हणजे पत्ताच, षोडशमानात : 192 चे सी0, 168 चे ए8, 1 चे 01, 40 चे 28. मी ते रोमनच्या लहान लिपीतल्या अक्षरांत लिहिले होते. प्रोग्रॅम मोठ्या अक्षरांत शोधत होता. आपल्या देवनागरीला हा उपद्रव नाही, म्हणून असेल, माझ्या डोळ्याला दोन्ही नावे तीन दिवस एकच दिसत होती.

दोन अक्षरे मोठी केली. यंत्राने क्षणात पत्ता घेतला आणि लॅपटॉपवर आकडे पळू लागले. त्यानंतर आणखी एकदा अडले, कारण जुना बूटलोडर फाइली यूडीपीच्या वाटेने मागतो आणि आजचे सर्व्हर ती वाट बंद ठेवतात. पण आता कुठे बघायचे ते कळले होते, तासाभरात सुटले. अकराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास नेटबीएसडी पूर्ण उभी राहिली. डिस्क शांतपणे बाजूला, कुणीही तिच्यावर एक अक्षर लिहिलेले नाही.

मग फक्त वाचायचे. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल सर्व्हरवर काढली. पाऊण तास लागला. मध्ये सहा ठिकाणी यंत्र अडखळले, दर वेळी सर खुर्चीत पुढे सरकत आणि पुन्हा मागे जात. नुकसान प्रणालीच्या भागात निघाले. घरांची फाइल साबूत होती. 143 घरे, एका ओळीला एक.

राग कुणावर काढावा असे त्या वेळी वाटले नाही, पण नंतर वाटले. यंत्र घेताना निविदा निघते, उद्घाटन होते, जड वस्तूंच्या नोंदवहीत क्रमांक पडतो. टाकताना त्या क्रमांकावर तांबडी रेघ मारतात. आत काय आहे, हे विचारणारा रकाना त्या वहीत नाही. मामांनी विचारले, कारण मामांना वही भरायची नव्हती.

सर चष्मा कपाळावर ढकलून लॅपटॉपच्या अगदी जवळ बसले होते. फॉरट्रान प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, सी अक्षराने सुरू होणाऱ्या टिपांमध्ये, मोजायला गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे होती. सरांनी ती सावकाश वाचली. मग आकड्यांवर आले आणि 57 व्या ओळीवर थांबले. "हे चुकलंय," म्हणाले. "इथं भिंतीची जाडी 75 हवी. आम्ही रात्री कंदिलावर लिहिलं होतं." मी दुरुस्त करायला हात पुढे केला. "थांब," ते म्हणाले, "आधी याची एक प्रिंट काढ."