गाडीवरची धूळ आणि हातातले फडके

मे महिन्यात जामनेरला घरी गेलो होतो. थोरल्या भावाने पाडव्याला गाडी घेतली होती. तीन-चार हंगाम कपाशीचे पैसे बाजूला ठेवून घेतलेली, घरातली पहिली चारचाकी, रंग काळा. पुतण्या तिची निगा मनापासून राखत होता. रोज सकाळी जुन्या धोतराचे मऊ फडके घेऊन तो ती पुसून लख्ख करी. एके दिवशी सकाळच्या उन्हात बॉनेटकडे बोट दाखवून भाऊ म्हणाला, "दोनच महिने झाले रे, आणि बघ, कोळिष्टक धरल्यासारखं दिसतंय. रंगच हलका दिला असणार."

मी वाकून पाहिले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चमकत्या रेघांची वर्तुळेच वर्तुळे दिसत होती. दोष रंगाचा नव्हता. तो रोजच्या पुसण्याचा होता, आणि पुतण्या शेजारीच उभा असल्यामुळे ते सांगणे जरा जड गेले. पण त्यानेच विचारले, "काका, धोतराचं फडकं तर लोण्यासारखं मऊ आहे. त्यानं ओरखडे कसे पडतील?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना शाळेतले बरेचसे विज्ञान उजळून निघते.

कोण कोणाला ओरखडते?

कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा काढतो, मऊ पदार्थ कठिणावर काढू शकत नाही. या साध्या नियमावर फ्रीडरिख मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्याची श्रेणी बसवली. तिच्यात शंखजिऱ्याला १, जिप्समला २, कॅल्साइटला ३, फेल्डस्पारला ६, क्वार्ट्झला ७ आणि हिऱ्याला १० क्रमांक आहे. आपले नख सुमारे अडीच, तर खिडकीची काच साडेपाचच्या आसपास येते.

सुती कापड गाडीच्या रंगाला ओरखडत नाही, हे पुतण्याचे म्हणणे खरे आहे. ओरखडते ती कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेली धूळ. खानदेशची काळी माती हाताला मऊ लागते, कारण तिच्यात चिकणमाती पुष्कळ असते. पण ही माती बसाल्ट खडक झिजून झालेली आहे, आणि त्या खडकातले फेल्डस्पार, ऑजाइट, मॅग्नेटाइट यांचे न झिजलेले कण तिच्यात राहतात. त्यांचे काठिण्य साडेपाच ते साडेसहापर्यंत असते. खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोटीचा चुरा तर सातपर्यंत पोचतो. गाडीचा रंग या सर्वांपेक्षा कितीतरी मऊ आहे.

वर्गात करून पहा: कागदात गुंडाळलेले लोहचुंबक कोरड्या मातीतून फिरवा. त्याला काळे बारीक कण चिकटतील. ते बहुतांशी मॅग्नेटाइटचे असतात. आता चिमूटभर माती काचेच्या दोन जुन्या तुकड्यांमध्ये धरून हलकेच घासा (काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून घ्या). करकर आवाज येईल. काच धुऊन भिंगातून पहा. जी माती काचेवर रेघा ओढते, ती रंगाची गय कशी करील?

रंगाचा पातळ थर

पूर्वीच्या गाड्यांना बहुधा एकाच प्रकारच्या रंगाचे थर देत. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आता बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. झळाळी त्याची असते, आणि खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवण्याचे कामही तोच करतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस याहून सहसा जाडच भरेल.

हलक्या हाताने पुसले तरी ओरखडा का पडतो? समजा, आपण १० न्यूटन बलाने, म्हणजे एक किलोग्रॅम वजनाइतक्या भाराने, तळहात दाबला. तळहाताचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा भाग येतो. आता त्या बलाचा शंभरावा हिस्सा एकाच कणाच्या टोकावर आला आणि ते टोक १० मायक्रॉन लांब व तेवढेच रुंद असले, तर? तेथे दाब वातावरणाच्या दहा हजार पट होतो, म्हणजे तळहाताखालच्या सरासरी दाबाच्या दहा लाख पट. इतक्या दाबाखाली रंग दबतो, आणि हात पुढे सरकला की त्या खळग्याची रेघ होते.

वर्तुळे कुठून आली?

भावाला वाटले, पुतण्या हात गोल फिरवतो म्हणून वर्तुळे पडली. पण गंमत अशी की हात कसाही फिरवला तरी वर्तुळेच दिसतात. रात्री एकाच दिव्याखाली, घासणीने बरीच वर्षे घासलेले स्टीलचे ताट धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळे दिसतील. ताट बाजूला सरकवा. वर्तुळांचा मध्य ताटाबरोबर सरकत नाही, तो प्रतिबिंबापाशीच राहतो. म्हणजे ती वर्तुळे ताटावर कोरलेली नाहीत.

ताटावर आडव्या, उभ्या, तिरक्या अशा सगळ्या दिशांच्या रेघा आहेत. प्रत्येक रेघ एखाद्या अरुंद पन्हळीसारखी असते आणि प्रकाश मुख्यतः स्वतःच्या आडव्या दिशेने फाकवते. त्यामुळे प्रतिबिंबाकडे पाठ किंवा पोट करून आडव्या पडलेल्या रेघांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. बाकीच्या अंधारात राहतात. दिसणारे तेवढे तुकडे मिळून वर्तुळांचा भास होतो. यावरून एक धडा घ्यावा: जेवढ्या रेघा दिसतात, त्यांच्या कितीतरी पट तेथे असतात.

धुण्याची रीत

या सगळ्याचा अर्थ एवढाच की, कण रंगावरून ओढायचा नाही, तो आधी उचलून न्यायचा.

गाडी सावलीत लावा आणि पत्रा थंड होऊ द्या. प्रथम हात न लावता छपरापासून खाली पाणी सोडा, दोन-चार मिनिटे माती भिजू द्या आणि पुन्हा पाणी सोडा. अर्धेअधिक काम येथेच होते.

मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडी धुण्याच्या द्रवाचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हा द्रव घाणीचे कण पृष्ठभागापासून सोडवतो आणि मध्ये निसरडा पापुद्रा धरतो. कपड्यांची पावडर वापरू नये; तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि न विरघळलेले दाणेही राहतात. अंगाचा साबणही नको. विहिरीचे वा बोअरचे पाणी दुष्फेन असले, तर साबणाचा चिकट साका रंगावर बसतो.

धुण्यासाठी उंच, दाट लव असलेले कापड घ्या. धोतराचे सपाट विणीचे कापड कणाला रंगावर दाबून धरते. लवेत मात्र कणाला आत सरकायला जागा मिळते. वरून खाली, सरळ रेषेत, भार न देता हात फिरवा. चाके आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने.

प्रत्येक भागानंतर कापड साध्या पाण्यात खळबळून घ्या. येथे जॉर्ज स्टोक्स यांचा १८५१ सालचा नियम कामाला येतो: पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण ३० सेंटिमीटर पाण्यातून साधारण पाऊण मिनिटात तळाला जातो. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या कणाला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे घातक जाड कण लवकर खाली बसतात. म्हणून कापड वरच्या पाण्यातच खळबळावे, तळाला लावू नये, आणि पाणी गढूळ झाले की बदलावे.

वाळवताना

पाणी तसेच वाळू दिले, तर त्यातले क्षार मागे राहून पांढरे ठिपके पडतात. म्हणून जाड, स्वच्छ, लवदार पंचा पत्र्यावर पसरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये. कापड जमिनीवर पडले, तर त्या दिवशी ते पुन्हा वापरू नये.

पडलेले ओरखडे पॉलिशने जातात, पण ते भरून येत नाहीत. भोवतालचा पारदर्शक थर त्यांच्या तळापर्यंत खरवडला जातो, एवढेच. पन्नास मायक्रॉनच्या पुंजीतून प्रत्येक वेळी थोडे खर्च होतात.

भावाचा शेवटचा प्रश्न पाण्याचा होता. जामनेरला उन्हाळ्यात दोन बादल्याही मोजून घ्याव्या लागतात. मग धूळ रोज काढायची कशी? उत्तर त्याला प्रथम पटले नाही: काढू नये. नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही. ओरखडा पडतो तो ती कोरडी पुसताना. पाखरांची विष्ठा मात्र रंगाला खाते. तेवढी जागा भरपूर भिजवून लगेच साफ करावी. समोरची काच दिसण्यासाठी स्वच्छ हवीच, पण तीही आधी पाणी घालून. बाकी गाडी पाणी मिळेपर्यंत धुळीत राहिली तरी चालते.

हाच नियम आपल्या चष्म्यालाही लागू आहे. प्लॅस्टिकची भिंगे काचेहून पुष्कळ मऊ असतात, आणि तास संपला की आपण ती सदऱ्याच्या टोकाने कोरडीच पुसतो. आधी नळाखाली धरावीत.

परवा पुतण्याचा फोन आला होता. आता गाडी आठवड्यातून एकदाच धुतो म्हणाला. शेजारी विचारतात, नव्या गाडीवर एवढी धूळ कशी? तो त्यांना घरात नेऊन स्टीलचे ताट दाखवतो.